वेगळा ठेवलेला आंबा

सगुणाचं पत्र शिमग्याच्या आधी आलं होतं. वैशाख सरत आला तरी गुणाजीने त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र लांब नव्हतं. 'आप्पा, फोनवर तुम्ही हं-हं करता आणि ठेवून देता, म्हणून लिहिते आहे. आईला या पावसाळ्यात माझ्याकडे रेवसला पाठवा. गेल्या श्रावणात तिला दम लागला तेव्हा दरड पडून रस्ता बंद होता, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. इथून अलिबागचा दवाखाना जवळ आहे. रघूदादा माझं ऐकणार नाही. माळ विकल्यापासून आमचं बोलणंच नाही. तुम्ही एकदा म्हणालात तर तो मोडणार नाही. आईला विचारा. तिला यायचं नसेल तर तसं कळवा.'

एवढंच होतं. उत्तर लिहायला गुणाजी कितीदा तरी बसला. 'चि. सगुणास अनेक आशीर्वाद' इथपर्यंत पेन सुरळीत चालायचं. पुढे 'पाठवतो' लिहावं तर पुतण्या दुखावणार, 'नाही' लिहावं तर पुतणी. आणि वहिनीला विचारावं, तर ती 'जाते' म्हणाली तर काय, हा विचार आला की तो पेनाला टोपण लावायचा. गुणाजीची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच वर्षी मनुवहिनी लग्न होऊन या घरात आली आणि नव्या नवरीने धाकट्या दिराला कडेवर घेऊनच संसाराला सुरुवात केली. नोकरीची सगळी वर्षं त्याने श्रीवर्धनच्या वाचनालयात काढली, लग्न केलं नाही, पण दर शनिवारी तो घरी यायचा, आणि घर म्हणजे ओटीवर बसून वाट बघणारी वहिनी. ती नसलेलं घर त्याला ठाऊकच नव्हतं.

तशात माळावर जेसीबी आला.

गावामागचा तो उतार आता त्यांचा नव्हता. वादळात वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांचे पत्रे उडाले, तेव्हा रघूने माळ मुंबईच्या एका पार्टीला दिला होता. इतकी वर्षं पार्टीने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. या उन्हाळ्यात मात्र चार दिवसांत माळ साफ झाला आणि मुकादमाने गावात निरोप दिला, लाकूड ज्याला हवं त्याने फुकट न्यावं, शनिवारी उरलंसुरलं पेटवून देणार.

अगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या तोंडावर फुकट लाकूड म्हणजे देवच पावला. पावसाळ्याची बेगमी चालू होती. घरोघर सुकी मासळी, मिरची, मसाला भरून ठेवणं चाललं होतं, पेजेच्या तांदळासाठी भात उकडायचं बाकी होतं. शिवाय रघूची बायको नूतन पाहुण्यांना चुलीवरचं जेवण घालायची. तिला ऑक्टोबरपर्यंत पुरेल इतकं लाकूड हवं होतं.

"आप्पांना घेऊन जा," तिने सुनेला सांगितलं. "त्यांना झाडं कळतात. नाहीतर पांगारा भरून आणशील. तो जळतो कमी, धुपतो जास्त."

ऋतिकाला हे काम आवडलं. मार्गशीर्षात खारघरहून लग्न होऊन आल्यापासून तिला या घरात जे सांगितलं जाई ते कुणाच्या तरी हाताखालचं असे. आज पहिल्यांदाच पूर्ण काम तिचं होतं. तिचा नवरा विनेश टेम्पो आणि करवत घेऊन पुढे गेला. ती गुणाजीआप्पांबरोबर चालत चढली.

माळावर जेसीबीने झाडं नुसती पाडली नव्हती, ओढत नेऊन ढीग केले होते. पानं वाळून गळालेली, साल घासून निघालेली. हाडांच्या ढिगासारखं ते दिसत होतं.

"आप्पा, हे कुठलं?"

गुणाजीने ओंडका उचलायचा प्रयत्न केला, नुसताच कलवला. "ऐन असावा. जड आहे. साल असती तर सुसरीच्या पाठीसारखी दिसली असती. पण साल नाही, त्यामुळे तसं खात्रीने…"

"ऐन. घ्यायचा की नाही?"

"ऐन असेल तर घ्यायचा. निखारा चांगला टिकतो."

"आणि हे? किती हलकं आहे."

"सावर. किंवा पांगारा. काही असलं तरी नको."

"हे लाल?"

"ते खैर आहे, ते ठेव तिथंच. जंगलखात्याचं लफडं."

ऋतिका हसली. आप्पांच्या तोंडी 'लफडं' ऐकायला गंमत वाटली. "तुम्हाला सगळं माहीत असतं. मग असावा, असेल कशाला लावता?"

"पुस्तकात पान असतं," गुणाजी म्हणाला. "फूल असतं, फळ असतं. सोललेला ओंडका पुस्तकात कुणी काढत नाही."

ती पुढच्या ढिगाकडे वळली आणि एका फांदीला हात घालणार, तोच तो म्हणाला, "हात नको लावू." इतक्या ठाम आवाजात, की दोघंही दचकले. कापलेल्या टोकावर काळा चीक डांबरासारखा वाळला होता. "बिब्बा आहे. चीक लागला की अंगावर फोड येतात. जाळला तर धुरानेसुद्धा."

त्यानंतर तिने एकही लाकूड त्याला विचारल्याशिवाय उचललं नाही. तो हुंगायचा, नखाने खरवडायचा, 'असावा' म्हणायचा, ती हाक मारून विनेशला सांगायची. टेम्पोची पहिली खेप गेली. उन्हं कलायला लागली तेव्हा उताराच्या टोकाला त्यांना जाड, सरळ ओंडके दिसले. विनेशने करवतीने एक कापला आणि तो टेम्पो वळवायला खाली गेला. ताज्या कापाचा वास गुणाजीपर्यंत आला, कैरीच्या देठाशी येतो तसा, त्यात शेपूच्या भाजीची झाक.

"आंबा," तो म्हणाला. या वेळी 'असावा' नाही.

"मस्त आहे हो हे. सरळ फुटेल. न्यायचं ना?"

गुणाजी त्या ओंडक्याकडे पाहत राहिला. हे झाड त्याला माहीत होतं. "आंबा वेगळा ठेवा," तो म्हणाला. "आपल्या घरात…"

खालून विनेशने हॉर्न वाजवला. "चला लवकर, अजून एक खेप होईल."

"हो, वेगळाच ठेवते," ऋतिका म्हणाली आणि उतरायला लागली.

गुणाजीच्या वाक्याचा दुसरा अर्धा तिथेच राहिला. आंबा घरात आणायचाच नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण दुसऱ्या अर्ध्यासाठी कुणी थांबत नाही, याची त्याला इतकी सवय होती की त्याला त्यात काही राहिल्यासारखं वाटलं नाही. दम लागला होता. तो हळूहळू उतरला आणि घरी पोचल्यावर थेट आपल्या खोलीत जाऊन आडवा झाला.

*

सकाळी नूतन ओटीवर मिरच्या वाळत घालत होती, तेव्हा धर्माजी आला. गावकीचा मोठा माणूस. एरवी तो फाटकातूनच 'काय गं, हाय का रघू?' असं ओरडायचा. आज वहाणा काढून, आवाज खाली घेऊन आला.

"कदीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून, भावजी?"

"म्हातारी गं. मला कुनी बोललाबी न्हाय. परवा तर द्येवळात दिसलीवती."

"आई? आई बऱ्या आहेत. आत पडल्यात जरा."

"पडल्यात," धर्माजीने मान हलवली. "व्हय. तसंच आसतंय. आमची आय बी शेवटी शेवटी पडूनच आसायची." त्याने खिशातून दोन केळी काढून तिच्या हातात दिली. "मऊ हायती. चमच्यानं भरव."

तो गेला तसा नूतनला काही कळेना. केळी हातात घेऊन ती मागच्या पडवीकडे गेली आणि जागीच थांबली.

सासूच्या खिडकीखाली, चार जांभ्या चिऱ्यांवर, आंब्याचे ओंडके रचून ठेवले होते. सगळे एका मापाचे. जाड खाली, बारीक वर. निळी ताडपत्री चारी कोपरे दगडाने दाबून नीट अंथरलेली. बाकी सगळं लाकूड पुढच्या अंगणात ढीग घालून पडलं होतं.

या गावात आंबा चुलीत घालत नसत. आंबा माणसासाठी. पावसात ओलं सरण पेटत नाही, म्हणून ज्या घरात कुणी फार दिवस पुरणार नाही असं दिसे, तिथे अगोटीलाच आंबा तोडून, चिऱ्यांवर रचून, झाकून ठेवत. त्याबद्दल बोलत नसत. रचलेला आंबा दिसला की गाव काय ते समजून जाई.

आणि खिडकी सताड उघडी होती.

नूतन आत गेली. मनुबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. उशाशी पेजेचा वाडगा तसाच, वर साय धरलेली. गोळी बशीत तशीच.

"आई, पेज नाही घेतलीत?"

"भूक न्हाय."

"गोळी तरी."

"आता कशाला?" मनुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच नूतनला सोसेना.

दुपारपर्यंत चार घरच्या बायका येऊन गेल्या. कुणी बिस्किटं आणली, कुणी शहाळं. एकीने मनुबाईचे पाय दाबले आणि 'काय चुकलंमाकलं आसंल तर' असं म्हणून डोळ्यांना पदर लावला. मनुबाई प्रत्येकीकडे पाहायची आणि परत भिंतीकडे वळायची. धर्माजीच्या घरून गडी आला. त्याच्या खांद्यावर आंब्याचा एक ओंडका होता. सरणाला प्रत्येक घराने एक लाकूड द्यायचं, ही रीत. त्याने काही न विचारता तो ताडपत्रीखाली सारला आणि निघून गेला.

*

रघू श्रीवर्धनहून सुकट घेऊन येत होता. तिठ्यावर एका ओळखीच्या माणसाने मोटारसायकल थांबवायला लावली.

"येळ काय सांगून येतीय व्हय, रघू. कदीबी फोन कर. आम्ही हाव."

"कशाला?"

त्या माणसाने नुसता त्याचा खांदा दाबला.

घरी पोचेपर्यंत रघूला आणखी दोघांनी थांबवलं होतं. फाटकातून आत आला तो थेट मागच्या पडवीत गेला. रचलेला आंबा दिसला आणि खिडकीतून आई कुशीवर वळताना दिसली, तेव्हा सगळी भीती रागात बदलली.

"कुणी केलं हे?"

मधल्या घरात सगळे जमले. धर्माजीही पुन्हा आला होता, विचारपूस करायला. ऋतिका भिंतीला टेकून उभी होती. सकाळपासून रडून रडून आता ती गप्प झाली होती.

"मीच रचलं," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. चांगलं लाकूड होतं म्हणून."

"चांगलं लाकूड," रघू म्हणाला. "अगं, गाव आधीच म्हणतंय, बापाचा माळ विकला. आता म्हणतील, आईची वाट बघत बसलाय, लाकडंसुद्धा विकलेल्या माळावरची फुकट आणली. तुमच्या खारघरला माणसं मरत न्हाईत का?"

"आमच्याकडे गॅसवर… म्हणजे विजेवर होतं," ऋतिका पुटपुटली.

"सकाळी मीही तिला बोलले," नूतन मध्ये पडली, "पण आता तुम्ही नका बोलू. सहा महिने झाले पोरीला येऊन. तिला कुणी सांगितलं होतं? तुम्ही सांगितलंत? मी सांगितलं? या गोष्टी बोलायच्या नाहीत म्हणता, मग कळणार कशा?"

रघू बायकोकडे पाहत राहिला. सकाळपासून सासू-सुनेचं वाजलंय असं त्याने येताना ऐकलं होतं. आता त्या दोघी एका बाजूला होत्या.

"आत्ताच्या आत्ता टेम्पोत भरतो," तो म्हणाला. "मसणातल्या शेडमध्ये टाकून येतो. गावाला उपयोगी पडेल."

"दिवसाढवळ्या आपल्या घरून मसणात टेम्पोभर आंबा?" नूतन म्हणाली. "मग तर लोक फुलं घेऊनच येतील."

"इथंच पेटवून देऊ ना," विनेश म्हणाला. "लाकूड आहे. संपला विषय."

धर्माजीने घसा साफ केला. "रचल्यालं मागं घेत न्हाईत, पोरा. मी काय वाईट चिंतीत न्हाय. पन रचलं म्हंजी ते कुनाच्या तरी नावावर झालं. हितनं उचलून मसनात न्येलं, तर दुसऱ्या कुनाच्या दारात जाईल. आन आसंच जाळलं, तर…" त्याने मनुबाईच्या दाराकडे पाहिलं आणि थांबला.

विनेशला हे पटत नव्हतं, पण 'तर काय' असं विचारायचं धाडसही होत नव्हतं.

तेव्हा ऋतिकाने मान वर केली. "मी माझ्या मनाने नाही केलं. आप्पा म्हणाले, आंबा वेगळा ठेव."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. गुणाजी केव्हाचा उंबऱ्यात उभा होता.

"आप्पा?" रघू म्हणाला.

"हो," गुणाजी म्हणाला. "मी म्हणालो तसं. पण…"

पुढचं वाक्य त्याच्या डोक्यात तयार होतं. अगदी सरळ होतं. पण समोर इतके चेहरे होते, आणि त्या 'हो'नंतर त्या चेहऱ्यांवर जे उमटलं ते पाहून तो 'पण'पाशीच थांबला.

रघू हळूच बाकावर टेकला. राग कुठल्या कुठे गेला. "परवा तुम्ही तिला डॉक्टरकडे घेऊन गेला होतात," तो म्हणाला. "मी बाहेर गाडीपाशी होतो. डॉक्टर तुम्हाला काही बोलले का, आप्पा? आम्हाला न सांगण्यासारखं?"

"नाही, नाही…"

"खरं सांगा."

"तसं काही…" गुणाजी म्हणाला, आणि आतल्या खोलीत काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

*

पेजेचा वाडगा मनुबाईने पाडला नव्हता, हात लागून पडला. ती तो उचलायला वाकली नाही.

काल संध्याकाळी ताडपत्रीचा आवाज झाला तेव्हा तिने खिडकीतून वाकून पाहिलं होतं. डोळ्यांना आता धड दिसत नव्हतं, पण वास आला. साल नसली, पान नसलं, तरी शेपू आंबा लपत नाही. माळाच्या टोकाचा तो रायवळ. दर वर्षी त्याच्या कैऱ्यांचं लोणचं ती घालायची. माळ विकल्यावरही लोणच्यापुरत्या कैऱ्या ती आणवून घ्यायची, कुणी हटकलं नाही. म्हणजे तोही पाडला. ते कुणी बोललं नव्हतं. मग चिऱ्यांवर ओंडके बसल्याचा आवाज ऐकला, एकावर एक, आणि तिला कळलं. सासऱ्याचं सरण तिने स्वतः असंच रचून घेतलं होतं. नवऱ्याचंही. मरणाचं तिला एवढं काही वाटलं नाही. वय झालं होतं. पण आपल्याला न विचारता, आपल्याच खिडकीखाली, हे तिला लागलं होतं. सूनबाईचं काम असेल, असं म्हणून इतका वेळ तिने मनाला आवर घातला होता.

आता भिंतीपलीकडून तिने गुणाचा आवाज ऐकला होता. 'हो. मी म्हणालो तसं.'

दार लोटून गुणाजी आत आला. त्याने वाडगा उचलला, सांडलेली पेज पंच्याने पुसली, मग पंचा कुठे ठेवावा ते कळेना म्हणून हातातच धरून उभा राहिला.

"वयनी."

"कदी?" तिने भिंतीकडे पाहतच विचारलं.

"काय कधी?"

"डाक्टर काय म्हनाला? आषाढ की श्रावन?"

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत. गोळ्या वेळेवर घ्या म्हणाले. मीठ कमी करा म्हणाले."

"मग तू कसं सांगितलंस?"

"मी नाही सांगितलं." तो खाटेच्या कडेला बसला. बाहेर सगळे ऐकत असणार हे त्याला माहीत होतं. "मला म्हणायचं होतं, आंबा वेगळा ठेवा, आपल्या घरात आणू नका, वहिनीला चालत नाही. एवढंच. निम्मं बोललो आणि विनेशने हॉर्न वाजवला. ऋतिकाला वाटलं, जपून ठेवायचा. तिने जपून ठेवला. आत्तासुद्धा बाहेर मी 'हो, पण' म्हणालो आणि पणच्या पुढे गेलोच नाही."

मनुबाई हळूहळू वळली.

"येवढंच?"

"एवढंच."

"पुरतं बोलाया तुला कुनी मना केलंवतं, मुडद्या?"

गुणाजीने मान खाली घातली.

"मला वाटलं, गुना बोलला म्हंजी बुकात बगून बोलला," ती म्हणाली. "बाकी कुनी रचलं आसतं तर मी आज न्हाय तर उद्या ताडपत्री फाडून फेकली आसती. पन तू म्हनालास, म्हनून म्हटलं, आसंल. तुला ठाव आसंल."

आयुष्यभर गुणाजीच्या शब्दाला एवढं वजन कुणी दिलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. त्याला आनंद झाला नाही, उलट भीतीच वाटली.

"वयनी, अजून एक विचारायचं राहिलंय," तो म्हणाला आणि सदऱ्याच्या खिशातून सगुणाचं पत्र काढलं. उठून दार लावावं असं त्याला वाटलं. तो उठला नाही. त्याने पत्र मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. बाहेर बाक करकरला.

"कदी आलं ह्ये?"

"शिमग्याच्या आधी."

"आन आज वाचतोस."

"हो."

"रघूला भ्यालास."

"रघूलाही," गुणाजी म्हणाला. "पण तेवढंच नाही. तुम्ही जाते म्हणालात तर मी इथे काय करू, ते मला कळत नव्हतं."

मनुबाईने त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी तो तापाने फणफणला की पाहायची तसं. मग तिने हात पुढे केला. त्याने तिला उठवून बसवलं.

"रघू," तिने हाक मारली. "आत ये. तिथनं कान लावून काय बसलास?"

रघू आला. त्याच्या मागे नूतन, विनेश, ऋतिका, आणि दारात धर्माजी.

"उद्या सकाळी भात उकडायचंय ना? त्या आंब्यावर उकडा."

"आये, रचलेलं मागं घेत न्हाईत म्हणतात," रघू म्हणाला.

"मागं कोन घेतंय? माझं सरन ना ते? मग त्यावर काय ठेवायचं ते मी सांगन. मी भाताचं तपेलं ठेवा म्हनत्ये." ती दाराकडे पाहून म्हणाली, "काय धर्माजी, हाय का आसा कुठं कायदा?"

धर्माजीने डोकं खाजवलं. "आसं कुनी केल्यालं न्हाय, वयनी."

"मग तुला तरी कसं ठाव, काय व्हतंय ते? आन तुझाबी वंडका त्यात हाय म्हनं. तोबी लागू दे. माझी केळी खाल्लीस तरी चालंल, मला मऊ केळं आवडत न्हाय."

ऋतिकाला हसू आलं आणि तिने ते पदरात लपवलं. रघू हसला नाही.

"आणि हे रेवसचं?" त्याने विचारलं.

"जाते मी."

"लोक काय म्हणतील? मुलाने सरण रचलं, म्हणून पोरीकडे पळाली."

"लोक म्हनतीलच. आज दिसभर लोक मला बगाया आले. आता रोज येतील. मी खोकले तरी कान टवकारतील. पावसाचं चार म्हयनं ह्या खिडकीत मला मोजून घ्यायचं न्हाय. तिकडं मला कुनी वळकीत न्हाय. जरा सुखानं खोकता येईल."

"मी तिच्याकडे पाय ठेवणार न्हाय," रघू म्हणाला. "तिने सही करताना सगळ्यांदेखत मला जे ऐकवलं, ते मी विसरलेलो न्हाय."

"नको ठेवू. रस्त्यावर सोड. तिथनं मला चालता येतंय."

रघू खाली बघत राहिला. नूतन काही बोलणार होती, तिने ओठ मिटले. तिला नवऱ्याचं हे गप्प बसणं माहीत होतं. यात नाही नसतं.

"गल्लीच्या तोंडापर्यंत सोडीन," तो शेवटी म्हणाला. "सामान तिच्या नवऱ्यानं येऊन न्यावं."

"आसंच लिव, गुना," मनुबाई म्हणाली. "बाकी ती बगून घेईल."

*

सकाळी अंगणात तीन दगडांवर तांब्याचं मोठं तपेलं चढलं. आंबा ओला होता. पहिला अर्धा तास नुसता धूर झाला. नूतनने आधी ऐनाच्या काटक्या घालून जाळ धरवला, मग ऋतिकाने एकेक ओंडका आत सारला. विनेशसुद्धा फोन खिशात ठेवून उभा होता. धर्माजी कुंपणापलीकडून पाहत होता, आत येत नव्हता.

मनुबाई ओटीवर बसली होती. धूर तिच्याकडे वळला की रघू उठून तिच्या आणि जाळाच्या मध्ये उभा राहायचा, आणि ती त्याला हाताने बाजूला करायची.

"आजी, आत चला ना," ऋतिका म्हणाली. तिचा चेहरा अजून उतरलेला होता.

"तू बग तिकडं. उतू जाईल." मग थोड्या वेळाने, "कुठला कुठला वंडका कसला हाय, ते गुनाकडनं शिकलीस ना? मग फुडं नूतनला तूच सांगायचं. ह्याच्या तोंडातनं निम्मंच निघतंय."

भात फुगून तडकायला लागलं, तसा उकड्या भाताचा वास अंगणभर पसरला. कालपासून खरं तर कुणीच धड जेवलेलं नव्हतं. दुपारी मनुबाईने वाडगाभर पेज घेतली, सुकटीची चटणी मागून घेतली. नूतनने मिठाबद्दल तोंड उघडलं नाही. गोळीही घेतली. रघूने ते सगळं दुरून पाहिलं आणि मग गाडीच्या चाकांत हवा भरायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात रिकामं पोतं होतं. त्याने त्यात उन्हात वाळत टाकलेल्या नव्या उकड्या भातातलं काही भरलं, तोंड शिवलं आणि गाडीत मागे टाकलं. कुणासाठी, ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

गुणाजीने ओटीवर बसून पत्र लिहिलं. कधी निघणार, रघू कुठपर्यंत येणार, सामान कोण उचलणार, सगळं लिहिलं. उशीर का झाला, तेही दोन ओळींत लिहिलं. मग वाटलं, संपलं. पण पेन थांबेना. खाली जागा होती तिथे त्याने लिहिलं, 'पेज तिला पातळ लागते. मीठ ती स्वतः घालते, आपण घालू नये, पण बरणी लांब ठेवावी. पहाटे जाग आली की तिला कुणाशी तरी दोन शब्द बोलायला लागतात. काहीही बोललं तरी चालतं.'

डाकघर म्हणजे गावच्या पोस्टाचं काम बघणाऱ्या रचनाच्या घराची पुढची खोली. ती तिकिटं मोजत होती. पाकिटावरचा पत्ता वाचून ती म्हणाली, "सगुणाताईला होय? फोन करा ना आप्पा. हे पोचेपर्यंत तुम्हीच पोचाल तिकडे."

"फोनही करीन," गुणाजी म्हणाला.

बाहेर भिंतीला लाल पेटी होती. त्याने पाकीट फटीत धरलं. पत्ता बरोबर आहे ना, तिकीट नीट चिकटलंय ना, पुन्हा एकदा बघावं असं वाटलं. दुपारच्या उन्हात अंगणातला धूर गावावरून समुद्राकडे चालला होता. वहिनीचं बोचकं बांधायला नूतनने त्याला लवकर यायला सांगितलं होतं.

त्याने पाकीट आत सोडलं.